चढाई दाखवा, चढाई!

भिवंडीच्या अंजूर फाट्यावरून आत वळलं की गोदामांच्या रांगा संपता संपत नाहीत. तरी थंडी पडली की या आगरी पट्ट्यात जिथे म्हणून मोकळं मैदान उरलंय तिथे दिवे लागतात आणि कबड्डी सुरू होते. आता सामने यूट्यूबवर थेट दिसतात. मुलींचेही सामने होतात आणि पोरी झकास खेळतात. मात्र दुसऱ्या दिवशी मोबाइलवर जे फिरतं ते बघून तळपायाची आग मस्तकात जाते. तिने बोनस मारला तो क्षण त्यात नसतोच. ती गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेते, पडून उठते, टी-शर्ट खाली ओढते, तेवढेच दहा सेकंद. तेही संथ गतीत, वर सिनेमातलं गाणं लावून.

ज्याने हे कापून जोडलं त्याला कबड्डी कळत नाही, एवढं नक्की. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटर. चढाईला 30 सेकंद. समोर साखळी धरून सात जणी. बोनस हवा तर पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. कोपऱ्यातली तर घोट्यावर डोळा ठेवूनच असते. अंगाचा सगळा भार एका पंजावर, आणि तिथूनच गर्रकन वळून मध्यरेषा गाठायची. हे सगळं शरीराचंच काम आहे. म्हणून ‘खेळाडूच्या शरीराकडे बघू नका’ असं मी कधीच म्हणणार नाही. बघा ना! पिंढऱ्या बघा, पकड मारताना खांदा कुठून घुसतो ते बघा, गुडघ्यावरची पट्टी बघा आणि विचारा, लिगामेंट फाटल्यावर ही परत उभी कशी राहिली? हे कुणी दाखवत नाही, विचारत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

गल्लीतल्या पोरांना झोडपून काय होणार? त्यांचे गुरू मोठ्या माध्यमांत बसलेत. सांगलीच्या स्मृती मानधनाने 2013मध्ये, सतरा वर्षांची असताना, वडोदऱ्यात महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद 224 धावा केल्या. सप्टेंबर 2025मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 50 चेंडूंत शतक ठोकलं. विराट कोहलीला त्यासाठी 52 चेंडू लागले होते. एवढं करूनही मथळ्यात तिची ओळख काय, तर ‘नॅशनल क्रश’. ऑफसाइडला क्षेत्ररक्षकांच्या मधून चेंडू काढताना तिचं मनगट काय करतं, यावर चार ओळी लिहायला कुणाला सवड नाही. मराठी वर्तमानपत्रांना हे येत नाही असंही नाही. धावपटू कविता राऊतला त्यांनी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं, ललिता बाबरला ‘माणदेशी एक्स्प्रेस’. त्या नावांत वेग होता, गाव होतं. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली तेव्हा अख्खा माणदेश तिच्यासोबत धावला, तो त्या नावामुळेसुद्धा.

आणि बाई सुंदर दिसली नाही तर? मग तर विचारूच नका. 2017मध्ये मिताली राजच्या एका फोटोत काखेत घामाचा डाग दिसला म्हणून लोकांनी तिची टिंगल केली. भारताची कर्णधार होती ती. क्रिकेट खेळणाऱ्या बाईला घाम येणार नाही तर काय अत्तर फुटणार? धावपटू शांती सौंदराजनचं तर आयुष्यच ढवळून काढलं. 2006च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं रौप्य मिळालं, लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं, आणि तिच्या देहाची खासगी गोष्ट देशभरच्या वाहिन्यांनी चघळली.

कबड्डीतही तेच. 2016मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची स्पर्धा झाली. पुरुषांचे संघ यू मुंबा, पुणेरी पलटण असे, ज्यांना आपलं म्हणता येईल. बायकांचे फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स आणि आइस दिवाज. आमच्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे, 2012ला पाटण्यात विश्वचषक जिंकलेल्या संघातली खेळाडू, या आइस दिवाजची कर्णधार! पोरीने पकड मारायची की रॅम्पवर चालायचं?

हे बोललं की पारावरून एक उत्तर हमखास येतं: ‘कपडेच तसे घालतात.’ त्यांनी 2018ची जकार्ता आशियाई स्पर्धा आठवावी. इराणच्या पोरी डोकं झाकून, पूर्ण बाह्यांत खेळल्या आणि अंतिम सामन्यात त्यांनी भारताला 27-24 असं हरवलं. त्यांना घडवणारी प्रशिक्षक नाशिकची, शैलजा जैन. चड्डी किती आखूड यावर ना गुण मिळतो ना पकड सुटते. नजर नासकी असेल तर पूर्ण बाह्यांतही ती हवं ते शोधते.

इलाज नाही असंही नाही. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी प्रक्षेपण करणाऱ्यांनी कॅमेरावाल्यांना बजावलं होतं की बायका आणि पुरुष सारखेच टिपा. जे तिथे सांगता येतं ते भिवंडी तालुक्यात का नाही? आपल्या आयोजकांना प्रवेश फी छापता येते, बक्षिसाची रक्कम छापता येते. त्याच पत्रकावर आणखी तीन ओळी छापा. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या समोर, उंचावर. बाजूला बसून मोबाइलने शूटिंग करणाऱ्याला मैदानाबाहेर. आणि मुलीची अशी क्लिप फिरवणारा आपल्या संघाचा निघाला तर तो संघ पुढच्या वर्षी बाद. कारण क्लिप गावच्या ग्रुपवर आली की तिच्या घरात बोनसबद्दल कुणी विचारत नाही. आई म्हणते, ‘बस झालं आता खेळणं.’ पोरगी सराव सोडते आणि डावा कोपरा रिकामा होतो. तो भरायला दुसरी मिळत नाही, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.