कर्ता गहाळ आहे

शाळेत मास्तरांनी छडीच्या बळावर कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं होतं. गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात त्यातला कर्ता सोडून आलो.

मी सांगितलं, "मोबाईल चोरला." ठाणे अंमलदारांनी लिहिलं, "मोबाईल गहाळ झाला." मोबाईल दोन्ही वाक्यांत गेलेलाच. पण पहिल्यात चोर आहे. चोर आला की गुन्हा आला, तपास आला, महिनाअखेरच्या तक्त्यात आकडा आला. गहाळ व्हायला कोणी लागत नाही, वस्तू आपली आपण होते.

"अहो, हातातून हिसकावला!"

"कुठे?"

"रेल्वे पुलाच्या जिन्यावर."

साहेबांचा चेहरा उजळला. "कितव्या पायरीवर? वरच्या पायऱ्या लोहमार्ग पोलिसांच्या. खालच्या असतील तर बघू."

मी चोराच्या मागे धावत होतो, पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या.

वास्तविक हिसकावणं हा न्याय संहितेच्या कलम 304 खाली दखलपात्र गुन्हा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर नोंदवा. 'झिरो एफआयआर' ती हीच. त्याआधी ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 12 नोव्हेंबर 2013 ला बजावलं होतं की, दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदवावाच लागेल. हा निकाल मी अंमलदारांना सांगितला. "ललिताबाईंना घेऊन या," म्हणाले.

ठाण्याने नकार दिला तर पुढचा जिना आहे. अधीक्षकांना, म्हणजे मुंबईत परिमंडळाच्या उपायुक्तांना, टपालाने अर्ज. तिथेही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या दंडाधिकाऱ्यांकडे. ते कलम 175(3) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. मात्र त्याआधी पोलिसांचं म्हणणं विचारात घ्यायचं, असंही तिथेच लिहिलंय. ज्यांनी तक्रार घेतली नाही, त्यांनाच विचारायचं, का हो घेतली नाहीत? सासूच्या तक्रारीची चौकशी सासूकडे. वर, शपथ फक्त तक्रारदाराने घ्यायची.

हे व्याकरण मोबाईलपुरतं असतं तर हसून सोडलं असतं. 11 नोव्हेंबर 2006 ला वर्सोव्यात रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया 'चकमकीत ठार झाला'. क्रियापद पुन्हा तेच, कर्त्याविना. गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्या माणसावर. त्याला वाशीहून उचलल्याच्या तारा त्याच्या भावाने त्याच दिवशी धाडल्या होत्या. भाऊ वकील, म्हणून उच्च न्यायालयाचा उंबरठा झिजवू शकला. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, 2009 मध्ये विशेष तपास पथक आलं, तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा नोंदला गेला. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 21 जणांना दोषी ठरवलं, त्यांत 13 पोलीस. सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 ला जन्मठेप दिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका वाक्याला कर्ता मिळायला 17 वर्षं.

माझा भाऊ बँकेत आहे. तेव्हा मी तूर्त उपायुक्तांना अर्ज धाडलाय आणि रोज संध्याकाळी त्या जिन्यावर उभा राहतो. एकूण पायऱ्या 42 भरल्या. रेल्वेची हद्द कितवीवर संपते, हे कुणा वाचकाला ठाऊक असेल तर कळवावं, अर्जात तो रकाना कोरा राहिलाय.