येणारे भाऊ

येणारे भाऊ यंदाही येणार आहेत. सुटीत नव्हे. सुटीत ते येतातच, बॅगा घेऊन, बदाम घेऊन, पोरांना ओढून. हे येणं कायमचं. न्यू जर्सीतलं घर विकून, नोकरीला रामराम ठोकून, थेट तिगावात. पांढुर्णा तहसिलीतल्या आमच्या या गावात मृगाचा पाऊस, पोळा आणि भाऊंचं येणं या तीन गोष्टींची चर्चा दर साली ठरलेली. त्यातल्या पहिल्या दोन होतात.

भाऊंचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे भाऊ गावोगाव आहेत. काटोलला एक आहेत, सौंसरला एक आहेत, कोल्हापूरकडे त्यांना येणारे काका म्हणत असतील. न्यू जर्सीत शनिवारी रात्री असे चार येणारे भाऊ एखाद्या बेसमेंटमध्ये जमले, की जेवणाआधी भारतातली ट्रॅफिक, जेवताना आईवडिलांची तब्येत आणि श्रीखंडाच्या वेळी परतीचं वर्ष असा विषयांचा क्रम असतो. वर्ष एकमताने ठरतं. मग ज्याला लांब जायचं असतं तो गाडीची किल्ली शोधू लागतो.

भाऊ गेले वायटूकेच्या लाटेत. नागपूरला इंजिनिअर झाले, मुंबईत विमानात बसले आणि आईला सांगून गेले, "दोन वर्सं फक्त." मग एच-वन-बी व्हिसा तीन अधिक तीन असा सहा वर्षांचा असतो, तेवढी तरी पुरी करू म्हणाले. तोवर ग्रीन कार्डाचा अर्ज पडला होता, आणि रांगेत लागलेला माणूस रांग सोडत नाही, मग ती राशनची असो की अमेरिकेची. त्या रांगेत एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. आइसलँडलाही सात, भारतालाही सातच. आइसलँडवाल्याचं कार्ड हातात पडून तो नोकरी बदलतो, घर घेतो, टकला होतो. भाऊ आपले दर महिन्याला तारीख किती पुढे सरकली ते पाहत बसले.

कार्ड आलं. पण कार्ड घेऊन गावी जाऊन बसलं तर ते जातं, म्हणून आणखी पाच वर्षं थांबून नागरिकत्व. "पासपोर्ट एकडाव हातात आला, का मानूस मोकळा!" पासपोर्ट आला तेव्हा थोरली आठवीत होती, तिला आता इथली शाळा झेपणार नाही. थोरली कॉलेजात गेली तेव्हा धाकट्याची शाळा उरली होती. आता तोही गेला, तर भाऊंना कोणीतरी आठवण करून दिली की तिथला मेडिकेअरचा विमा पासष्टीला सुरू होतो. भाऊ पन्नाशीत आहेत. यातलं एकही कारण खोटं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. खोटं कारण एखाद दिवशी उघडं पडतं. खऱ्या कारणांवर माणूस जन्म काढू शकतो.

भाऊंची तळमळही खरी आहे. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली की त्यांना तिगावची माती फार आठवते. जानेवारीत गाडीवरचा बर्फ खरवडताना तर संत्र्याच्या बगीच्यातलं कोवळं ऊन त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मार्चमध्ये बोनस येतो, बर्फ वितळतो आणि मातीची ओढ जरा ओसरते.

परत यायचं म्हणजे नेमकं कुठे, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर भाऊ "नागपूरकडचा" म्हणतात. कंपनीतल्या हिंदी मित्रांना "एमपी" सांगतात. दोन्ही खरं. 1956 पर्यंत नागपूर आमची राजधानी होती. त्या 1 नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली गेली, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर पलीकडे गेलं. तिगावचा माणूस बाजेवरून न उठता परप्रांतीय झाला. व्हिसा नाही, रांग नाही, मुलाखत नाही. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, म्हणजे जिल्हाही घरबसल्या बदलला. एवढं सगळं जागच्या जागी होत असताना भाऊंनीच तेवढा प्रवास का करावा, असं इथल्या बुढ्या माणसांना वाटतं.

मंडळातल्या एका पुणेकराने भाऊंना सल्ला दिला होता, "परत जायचं तर आधी सातबारा पाहून घ्या, हल्ली ऑनलाइन दिसतो." भाऊ रात्रभर महाराष्ट्र सरकारच्या साइटवर तिगाव शोधत बसले. जिल्हा नाही, तालुका नाही, गाव नाही. पहाटे त्यांनी धाकट्या भावाला फोन केला, "अरे, आपलं गावच गायब झालं बे!" धाकटा त्या वेळी ताकाची गंजी धरून उभा होता. तो म्हणाला, "दादा, आपल्याकडे सातबारा नसते. खसरा असते. तलाठी बी नसते, पटवारी असते." भाऊंनी तेवढ्यावरून परतीचा बेत सहा महिने पुढे ढकलला, कागदपत्रं आधी समजून घ्यायला हवीत म्हणून.

समजून घेण्यासाठी भाऊंकडे एक एक्सेल फाईल आहे. डावीकडे राहण्याची कारणं, उजवीकडे परतीची, प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली बेरीज. डॉलरसाठी वेगळं पान. भाऊ गेले तेव्हा डॉलर 45 रुपयांच्या आत होता, आता 85 च्या वर आहे. तो चढला की भाऊ म्हणतात, आत्ता तर कमवायची वेळ आहे. उतरला की म्हणतात, आत्ता नेलं तर तोटा. एक ओळ आरएनओआरची आहे: बरीच वर्षं बाहेर राहून परतलेल्या माणसाला सुरुवातीची साधारण दोन-तीन वर्षं परदेशातल्या कमाईवर इथे कर लागत नाही. ही सवलत भाऊंनी पानठेल्यावर इतक्यांदा समजावून सांगितली आहे की पानठेलेवाल्याला ती पाठ आहे. त्याची परदेशात कमाई नाही, एवढीच अडचण.

फाईलमध्ये 'आई' अशीही एक ओळ होती. गुण दहापैकी दहा. आई गेली तेव्हा भाऊ न्यूअर्क, मुंबई, नागपूर आणि पुढे शंभरेक किलोमीटर असं करत तिसऱ्या दिवशी पोचले. ती ओळ त्यांनी पुसली नाही. गुण तेवढे शून्य केले. खालची बेरीज आपोआप बदलली, आणि त्या रात्री भाऊ कोणाशी बोलले नाहीत.

सुटीतले भाऊ डिसेंबरात येतात. तिथल्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडत असल्यामुळे पोळा आणि दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार त्यांनी किती तरी वर्षांत पाहिलेली नाही, तरी मंडळात गोटमारीवर व्याख्यान तेच देतात. इथे आले की पहिल्या दिवशी शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवरीच्या राखेतून काढलेला रोडगा भाऊ कापडात धरून झटकतात, फोडतात, आत तूप सोडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बस. आता इथंच." हे वाक्य पहिल्या दिवशीचं. तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं आणि वाक्य पाठ फिरवतं.

मग भाऊ सुधारणांकडे वळतात. नागपूर-इटारसी मार्गावर आमचं स्टेशन आहे. दिल्लीच्या मोठमोठ्या गाड्या घाटाकडे जाताना तिगाव थरथरवून जातात, थांबत मात्र नाहीत. ओट्यावर बसून भाऊ एकदा तावातावाने म्हणाले, "इथं एक्स्प्रेस थांबाले पायजे. रेल्वेले अर्ज करू." गावातले एक आबाजी तंबाखू मळत होते. वर न पाहताच म्हणाले, "गाडी थांबाचं मंग पाहू बाप्पा, पयले तू थांब."

भाऊ चिडत नाहीत. ते नारळीकरांचं नाव घेतात. "जयंत नारळीकर केंब्रिज सोडून आलेच ना? 1972 मध्ये? टाटा इन्स्टिट्यूटमध्ये?" शाळेतले गुरुजी म्हणतात, "आले ना भाऊ. तवा एक्सेल नव्हतं."

वहिनी या चर्चेत नसतात. त्या आत चहा करत असतात, आणि त्यांचं मत नेमकं त्या चहातच आहे. एकदाच बोलल्या. "तिथं मी गाडी चालवते, हापिसात चार लोकं माह्या हाताखाली आहेत. इथं आली का पाय धुवाच्या आधी गंज हाती येते. तुम्ही या खुशाल. मी सुटीत येत जाईन." फाईलमध्ये वहिनींची ओळ नाही. भाऊंना ती सुचली नाही.

परतीचा पत्ताही दरवर्षी थोडा सरकतो. पूर्वी तिगाव होतं. मग "नागपूरले राहू, मिहानमध्ये नोकरी पाहू, शनिवार-रविवार गावी" असं झालं. मग मिहानपेक्षा हिंजवडीत पगार बरा, म्हणून पुणे. मागच्या खेपेला बंगळूरचंही नाव निघालं. तिगावच्या हिशेबाने बंगळूर आणि न्यू जर्सीत फरक एवढाच की न्यू जर्सीहून येताना बदाम येतात. बदाम कॅलिफोर्नियाचे असतात. तेच पांढुर्ण्याच्या किराणा दुकानातही मिळतात, पण हे त्यांना कोणी सांगत नाही.

भाऊ खरोखर येऊन राहिले तेही सांगायला हवं. मार्च 2020 मध्ये मामेबहिणीच्या लग्नाला म्हणून एकटेच आले आणि विमानं बंद झाली. कंपनीने घरून काम करायला सांगितलं. गावाला वाटलं, देवानेच निकाल लावला. पण कंपनीची वेळ न्यू जर्सीची. गावाच्या निजानिजेला भाऊ लॅपटॉप घेऊन गच्चीवर टॉवरकडे तोंड करून बसत, पहाटे दूधवाला आला की झोपायला जात आणि दुपारी उठत. रात्री भुताखेताला भिणारी पोरं भाऊंच्या इंग्रजीला भिऊ लागली. विमानं सुटल्यावर भाऊ गेले आणि तिकडून फोनवर सांगू लागले, "मी राहून पाह्यलं. जमते." गावाने त्यांना त्या काळात उन्हात म्हणून पाहिलेलं नाही.

आता गावाचं मन. भाऊंनी यावं असं सगळे म्हणतात, आणि कोणी घाई करत नाही. भाऊंच्या वाट्याच्या माडीवर संत्र्याचे कॅरेट आहेत, एका खोलीत पुतण्याचा अभ्यास आहे. धाकटा भाऊ तर एका डिसेंबरातून अजून सावरलेला नाही. आंबिया बहारासाठी त्या दिवसांत झाडाला ताण देतात: महिनाभर पाणी तोडायचं, पानं मलूल पडू द्यायची, जानेवारीत पाणी सोडायचं, की फूल फुटतं. भाऊ पहाटे फिरायला गेले, झाडं कोमेजलेली दिसली, डोळे भरून आले. त्यांनी ड्रिपचा कॉक उघडला आणि प्रत्येक झाडाजवळ जाऊन नळी नीट केली. घरी येऊन म्हणाले, "झाडं तहानली होती बे." ताण मोडला, बहार फसला, बगीच्याचा सौदा करायला आलेला व्यापारी चहा पिऊन परत गेला. धाकटा तोंडाने काही बोलला नाही. दादा मोठे आहेत. पण तेव्हापासून दादा कायमचे येणार म्हटलं की तो आधी मोटरीच्या पेटीची किल्ली खिशात आहे का ते चाचपतो.

शेजारची दोन एकर जमीन विकायला निघाली तेव्हा भाऊंनी पैसे पाठवायची तयारी दाखवली. मग कळलं की परदेशी नागरिक झालेल्याला, ओसीआय कार्ड असलं तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाने आली तर चालते. हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हंजे घ्याची नाही, कोणी मराची वाट पाहाची."

यंदाच्या डिसेंबरात भाऊ आले तेव्हा पुतण्याची जर्मनीतल्या विद्यापीठाची कागदपत्रं झाली होती. ओट्यावर मंडळी जमली. भाऊंनी त्याला शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि गंभीर झाले. "जा. पण लक्षात ठेव. पाच वर्सं राह्य, पैसा जमव अन् सरळ परत ये. आपलं गाव ते आपलं गाव." आबाजींचा तंबाखू मळायचा थांबला. धाकटा भाऊ खांबाकडे पाहू लागला. हसू कोणालाच येईना, म्हणजे सगळ्यांना येत होतं.

पुतण्या मात्र हुशार पोरगा. त्याने वाकून पाया पडून घेतलं आणि म्हणाला, "हो मोठेबाबा. तुमची ते एक्सेल फाईल तेवढी पाठवून द्या. डॉलरच्या जागी युरो टाकून घेतो."