कचऱ्याचे पैसे

आमच्या वर्ध्याकडे कचऱ्याचे पैसे मिळायचे असतात, द्यायचे नसतात. भंगारवाल्याच्या तराजूवर डोळे रोखून बसलेल्या काकू पाहा. किलोमागे रुपयाही सोडत नाहीत. (तो रिकाम्या बाटल्याही नेतो, पण दारूबंदीच्या जिल्ह्यात त्यांचा भाव मोठ्यानं विचारत नाहीत.) त्याच काकूंना कचरा उचलायचं मासिक शुल्क सांगून बघा. "काहून जी? घरटॅक्स भरतो नं आम्ही!"

2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी वाटणी आपल्याच गळ्यात घातली, वर शुल्कही भरा म्हटलं. मेहनतही आपली आणि पैसाही आपलाच! त्यापेक्षा ले-आउटमधला रिकामा प्लॉट बरा, असा हिशोब पुष्कळ घरांत मनातल्या मनात होतो.

ही फुकटाची सवय आम्हाला विनोबांनी लावली असावी, असा माझा संशय आहे. 1946च्या सुमारास ते पवनारहून रोज खांद्यावर फावडं टाकून सुरगावला मैला साफ करायला चालत जात. एकदा पूर आडवा आला. तेव्हा पलीकडच्या माणसाला ओरडून त्यांनी निरोप दिला म्हणे, की देवळातल्या देवाला सांगा, गावचा सफाईवाला आला होता, पण पाण्यामुळे अडला. हजेरी देवाकडे, पगारही तिकडेच. असा कामगार एकदा पाहिला की नगरपालिकेची पावती कोणाला गोड लागणार? फक्त घंटागाडीवरच्या माणसाला घर चालवायचं असतं, त्याला हातमोजे लागतात आणि पगार पहिल्या आठवड्यात लागतो.

पुण्यात 2008पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया घरोघर जाऊन दरमहा पैसे घेतात. तिथंही कुरकुर आहेच. पण मागणारी समोर उभी असते. आमच्याकडे कुरकुर होत नाही ती दिवाळीच्या बक्षिसीला. जुनी साडी, चिवडा, वर पन्नासाची नोट, सगळं खुशीनं. बक्षिसी देताना आपण मोठे होतो. शुल्क दिलं की घंटागाडीवाला बरोबरीला येतो, आणि तिथंच हात आखडतो.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना मात्र हे सगळं तत्त्वज्ञान नको होतं. त्यांची एकच शंका होती. "पैसे देल्यावर गाडी नाही आली, तं भांडता येते का?"

येते म्हटल्यावर त्यांनी रक्कम विचारली.