रोसीकडची धुसफूस

“तुमच्या धाकट्याने गाडीवर पिवळं ४६ चिकटवलंय ना वहिनी, त्याला एकदा विचारा, या ४६वाल्याचं कोणाशी वाकडं आहे ते.”

“कोण हो हा?”

“व्हॅलेंटिनो रोसी. इटलीत ताव्हुलिया म्हणून गाव आहे, तिथला. ४६ नंबर वडिलांचा, तेही मोटरसायकल रेसर. याने नऊ वेळा जगज्जेतेपद मारलं, त्यातली सात मोठ्या गटातली. आमच्याकडे रविवारी रेस लागली की जेवणं टीव्हीसमोर होतात, म्हणून मला सगळं ठाऊक. आधी त्याचं लोरेन्झोशी जमत नव्हतं. २००८ला रोसीच्या यामाहा टीमने होर्हे लोरेन्झो नावाचं स्पॅनिश पोर रोसीच्या जोडीला आणलं आणि गॅरेजच्या मधोमध भिंत घातली!”

“एकाच टीममध्ये?”

“एकाच! सांगायला कारण काय, तर दोघांच्या टायरच्या कंपन्या वेगळ्या, एकाची गुपितं दुसऱ्याला कळायला नकोत. बरं, २००९ला सगळ्यांनाच एका कंपनीचे टायर झाले. भिंत पडली का? छे! त्याच वर्षी बार्सिलोनाजवळच्या ट्रॅकवर रोसीने शेवटच्या लॅपच्या अगदी शेवटच्या वळणावर आत घुसून लोरेन्झोला मागे टाकलं. मग २०१०ला रोसीचा पाय मोडला, लोरेन्झो चॅम्पियन झाला आणि रोसी उठून डुकाटीत गेला. दोन वर्षांनी हात हलवत परत यामाहातच आला म्हणा.”

“मग लोरेन्झोशीच वाकडं ना?”

“तिथेच तर फसतात सगळे! ते कधी मित्र नव्हतेच, तर बिघडणार काय? जखम झाली ती मार्केझकडून. मार्क मार्केझ, तोही रेसर, सेर्व्हेरा गावचा. लहानपणी रोसीचा भक्त. छोटा मार्केझ आणि मोठा रोसी असा फोटोसुद्धा आहे. वाढदिवस पाहा, रोसीचा १६ फेब्रुवारी, याचा १७. मधे चौदा वर्षं.”

“म्हणजे गुरु-शिष्यच की.”

“तसंच म्हणायचे लोक. २००८ला लागुना सेका ट्रॅकवर कॉर्कस्क्रू नावाच्या उतरत्या वळणावर रोसीने बाहेरच्या मातीतून गाडी घालून केसी स्टोनर नावाच्या रेसरला मागे टाकलं होतं. २०१३ला मार्केझने त्याच जागी, तशाच मातीतून रोसीलाच मागे टाकलं! तेव्हा ते हसण्यावारी गेलं. पुढच्या वर्षी रोसीने त्याला ताव्हुलियाला आपल्या मातीच्या ट्रॅकवर खेळायलाही बोलावलं.”

“आणि मग?”

“२०१५ उजाडलं. रोसी छत्तीस वर्षांचा, दहावं जेतेपद समोर दिसतंय, गाठ लोरेन्झोशी. ऑस्ट्रेलियात मार्केझ जिंकला, लोरेन्झो दुसरा, रोसी चौथा. पुढची रेस मलेशियात सेपांगला. तिथे पत्रकारांसमोर बसून रोसी सरळ म्हणाला की मार्केझ लोरेन्झोच्या बाजूने खेळतोय. मार्केझ शेजारी बसलेला!”

“तोंडावर?”

“तोंडावर. आता मला सांगा, ऑस्ट्रेलियात मार्केझने शेवटच्या लॅपला लोरेन्झोलाच मागे टाकलं होतं. मदत करणारा माणूस असं करतो का? मी आमच्या ह्यांना हेच म्हटलं, तर चार दिवस अबोला. रविवारी मात्र दोघं एकमेकांना सारखे ओव्हरटेक करत सुटले, शेवटी रोसीने वळणावर त्याला बाहेर बाहेर रेटलं, धक्का लागला आणि मार्केझ पडला. रोसीला तीन पेनल्टी पॉइंट. आधीचा एक होता, झाले चार. म्हणजे शेवटच्या रेसला, व्हॅलेन्सियाला, सगळ्यांच्या मागून सुटायचं.”

“अरेरे!”

“अरेरेच. मागून सुटून चौथा आला हो तो! पण लोरेन्झो पहिला, मार्केझ दुसरा. रोसीचं जेतेपद पाच गुणांनी गेलं. मार्केझने लोरेन्झोवर एकदा तरी जोर लावायला हवा होता, हे मात्र मीही म्हणते. तिथून जे बिनसलं! २०१८ला अर्जेंटिनात मार्केझने धडक देऊन रोसीला पाडलं आणि माफी मागायला यामाहाच्या गॅरेजपर्यंत गेला, तर दारातूनच परत पाठवला. त्याच वर्षी मिझानोच्या रेसला पत्रकारांसमोर मार्केझने हात पुढे केला. रोसीने घेतला नाही.”

“इतकं?”

“इतकं. आणि लोरेन्झो? तो रेसिंग सोडून २०२०ला यामाहाचाच टेस्ट रायडर झाला. रोसी तिथेच होता, कोणी भिंतबिंत मागितली नाही. ज्याला पोरासारखं घरी बोलावलं, त्याचाच हात घेववत नाही, भाऊबंदकी असते तसं.”

“पण रोसी आता खेळत नाही ना?”

“मोटरसायकलच्या रेसमधून २०२१लाच थांबला. पण आपल्या अकादमीत पोरं तयार केलीत. त्यातला पेक्को बन्याया डुकाटीवर दोनदा चॅम्पियन झाला. आणि २०२५ला डुकाटीने त्याच्या जोडीला आणला कोण?”

“मार्केझ?”

“मार्केझ! मधे हात मोडून चार ऑपरेशनं झालेला, सगळ्यांनी संपला म्हटलेला. जपानमध्ये मोटेगीला रेस बन्याया जिंकला, मार्केझ दुसरा आला आणि तेवढ्यावर चॅम्पियनशिप त्याची झाली. एकूण नववी, मोठ्या गटातली सातवी.”

“म्हणजे रोसीएवढीच?”

“बरोब्बर तेवढीच. आणि दोघांतला मोटरसायकलच्या रेसमध्ये अजून हा एकटाच! आमच्याकडे परत अबोला होणार बघा. थांबा, कुकरची शिट्टी झाली वाटतं तुमच्याकडे.”