सव्वा मीटरची विक्री

नौपाड्यातल्या साड्यांच्या एका दुकानात 2024 साली डॅशबोर्ड आला. मालकांच्या चिरंजीवांनी आणला. एमबीए झालेल्या मुलाने गल्ल्यावर बसण्याआधी काहीतरी बसवायचं असतं, त्याने हे बसवलं. त्याआधी रात्री शटर अर्धं खाली आलं की मालक विचारायचे, "बाई, आज किती?" हिशेबाच्या बाई टॅलीत दोन बटणं दाबायच्या आणि आकडा सांगायच्या. मागच्या महिन्याचा हवा असेल तर ऑल्ट-एफ टू, माउसला हात न लावता. टॅली 1986 मध्ये गोयंका बापलेकांनी सुरू केली. वडील कापड गिरण्यांना माल पुरवायचे, हिशेबाला मनासारखं काही मिळेना, म्हणून मुलाने स्वतःच लिहिलं. तिथे कटकट बापाची होती आणि डोकं मुलाचं. इथे दोन्ही खाती चिरंजीवांकडेच.

पहिल्याच दिवशी मालकांनी पडद्यावर वाचलं: एकूण विक्री 1.25 एम.

"सव्वा मीटर? अख्ख्या महिन्यात? ब्लाउजपीस विकतोय काय आपण?"

एम म्हणजे मिलियन, म्हणजे साडेबारा लाख, हे पटायला दोन कटिंग लागले. लाख-कोटीत दाखवायची सोय आहे म्हणे. कुठे आहे, ते चिरंजीव अजून बघतायत.

या सॉफ्टवेअरमध्ये काही शोधणं म्हणजे संध्याकाळी गोखले रोडवर गाडीला जागा शोधणं. आकड्यावर माउस नेला की कोपऱ्यात तीन टिंबं उगवतात, हात जरा हलला की मावळतात. एक्सेलमध्ये पाठवायचं बटण त्या टिंबांच्या पोटात. फिल्टर तर तिमजली: एक त्या चित्रापुरता, एक त्या पानापुरता, एक सगळ्या पानांना. चिरंजीवांनी सोमवारी सगळ्या पानांना 'पैठणी' लावली आणि विसरून गेले. मंगळवारी धंदा पाव झालेला. मालकांनी काउंटरवरच्या पोरांकडे संशयाने पाहिलं, गोदामाची कुलपं ओढून बघितली, मेहुण्याला फोन लावला. फिल्टर शेवटी बाईंना सापडला. पोरांची माफी कोणी मागितली नाही, डॅशबोर्डमध्ये तशी सोय नाही.

तिमाहीचं तर विचारूच नका. इन्कम टॅक्ससकट सगळा देश एप्रिलपासून वर्ष मोजतो, पण या डॅशबोर्डची पहिली तिमाही जानेवारीला उगवते. सेटिंग बदलता येतं. बदलायला एक तज्ज्ञ येतो, तो तासावर पैसे घेतो आणि बिल मात्र लाखाच्या हिशेबात नीट लिहितो.

खरी मजा बाणांची. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा विक्री वाढली तर हिरवा, घटली तर लाल. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 ला 1 नोव्हेंबरला. दिवाळीची खरेदी सरकली ऑक्टोबरात. ऑक्टोबरला हिरवा बाण आला, चिरंजीवांनी स्टाफला पेढे वाटले. नोव्हेंबरला लाल आला, तर त्याच स्टाफची मीटिंग घेतली! ऑगस्टलाही लालच होता, कारण 2023 मध्ये अधिक श्रावण होता. जावयाला वाण द्यायचं म्हणजे लेकीला साडी आलीच, त्या महिन्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ते शेतकऱ्याचं. साडीवाल्याचा सुकाळ तेराव्यातच असतो. चिरंजीवांनी महिन्यांची यादी वरून खाली तीनदा सरकवली. बाराच होते.

2026 ला अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. डॅशबोर्डच्या अंदाजात त्या दिवसांवर सरळ रेघ. मालकांनी पंचांग बघून सुरतेला दुप्पट ऑर्डर लावली. 2027 च्या मेमध्ये लाल बाण येणार हे उघडच आहे, त्याचा खुलासा बाईंनी आत्ताच टाइप करून ठेवलाय. मीटिंगची तारीख तेवढी रिकामी सोडलीये.