रिफ्रेशचा जप

कॉम्प्युटर रखडायला लागला की मराठी घरात पहिला उपचार ठरलेला. डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा राइट क्लिक, रिफ्रेश. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेली माणसंही हा जप सोडत नाहीत. त्या बटणाने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, एवढंच. रॅम काही मोकळी होत नाही. पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि तेवढ्यात मशीन आपणहून सावरलं तर श्रेय जपाला.

दुसरा उपचार जावईबापू फोनवरून सांगतात : “व्हायरस असणार.” मग एक अँटिव्हायरस कॉम्प्युटरवाल्याने टाकलेला, मुदत संपल्यामुळे रोज पैसे मागणारा, त्यावर दुसरा फुकटातला. दोघेही तीच फाइल तपासत बसतात आणि आपण पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसतो. विंडोजमध्ये २०१२ पासून घरचाच डिफेंडर आहे, हे कोणी सांगत नाही. त्यात कोणाला काही सुटत नाही ना! तिसरा उपचार फॉरमॅट. चार दिवस मशीन सुसाट, मुंजीचे फोटो गेलेले, आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर मात्र कोणी उघडत नाही. तिथे गुन्हेगार नावानिशी लिहिलेले असतात. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांना टेकलेला असेल, तर बहुतेक वेळा जुनी फिरती हार्डडिस्क दमलेली असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही. (कॉम्प्युटरवाला नवं मशीन सुचवेल. त्यालाही पोट आहे.) स्टार्टअपच्या यादीत, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर अजून रोज सकाळी हजेरी लावताना दिसेल. आणि मेमरीच्या रकान्यात सगळ्यांच्या वर, ठाण मांडून, ब्राउझर.

त्याला खादाड म्हणण्याआधी त्याचीही बाजू ऐका. २००८ मध्ये क्रोम आला तोच टॅबागणिक वेगळी प्रोसेस घेऊन. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ नावाची खोट चव्हाट्यावर आली आणि त्याच वर्षी क्रोमने एकेका साइटचा संसार वेगळा केला; पत्त्यांच्या साइटला शेजारच्या टॅबमधल्या बँक खात्यात डोकावता येऊ नये म्हणून. यापायी मेमरी दहा ते तेरा टक्के जास्त लागेल, हेही गूगलने तेव्हाच सांगून टाकलं. म्हणजे थोडा संथपणा हा सुरक्षेचा खर्च. ४ जीबी रॅमवर सत्तावीस टॅब, हा मात्र आपला खर्च.

मग सुरक्षित ब्राउझर कोणता? यावर सोसायटीच्या ग्रुपमध्ये निवडणुकीसारखे तट पडतात. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, झालंच तर झोहोचा स्वदेशी उला : पाट्या निराळ्या, आत सगळीकडे क्रोमियम. बेकरीत खारी मागा, बटर मागा, टोस्ट मागा, मैदा एकच. वेगळं पीठ सफारीचं आणि फायरफॉक्सचं. त्यातही फायरफॉक्सची चूल बव्हंशी गूगलच्या पैशांवर पेटते. सोवळं कुठेच नाही.

तरी जुन्या मशीनसाठी माझं मत फायरफॉक्सला, कारण तिथे जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन अजून चालतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. उरली ती त्याची लाइट आवृत्ती. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्याला घालवलं आणि कारण सुरक्षेचं दिलं. असेलही. पण जाहिराती अडल्या की पान हलकं होतं आणि ‘डाउनलोड’ लिहिलेली खोटी हिरवी बटणंही त्यांच्याबरोबर जातात. वेग आणि सुरक्षा एकाच गोळीत मिळत असेल तर ती का सोडा?

“पण साइटला कुलूप होतं हो!” हे पैसे गेल्यावरचं वाक्य. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, ते सांगत नाही. लोकांना हे काही केल्या उमगेना, तेव्हा क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. आणि कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरवर पाच व्हायरस’ म्हणून उगवणारी पाटी? ती बहुतेकदा व्हायरसची नसतेच. कुठल्याशा मालिकेचा भाग फुकट बघताना घाईत ‘अलाऊ’ दाबलं, त्याची ती फळं. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि अनोळखी नावं उडवा. फॉरमॅटवाल्याला बोलावू नका.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलं नसेल, तर कुठलाही ब्राउझर घाला, खालची जमीन भुसभुशीतच.

बाकी ब्राउझर कोणता यावर भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ‘अपडेट’चं बटण केव्हापासून ताटकळत असतं. दाबत नाहीत, कारण ते सत्तावीस टॅब जातील. त्यात एक गेल्या दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचा आहे. अपडेटनंतर टॅब आपोआप परत उघडतात, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ‘नंतर’ दाबलं.