घोकंपट्टीची शब्दसंपत्ती

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्यासाठीचं नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ हे पुस्तक १९४९ साली निघालं. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात ते आजही मिळतं. पोरं व्याख्या घोकतात, नमुना वाक्यं पाठ करतात. त्या वाक्यांतल्या जगात मात्र साधं कोणी नसतंच: राजकारणी अखंड वाचाळ, संन्यासी कायम विरक्त आणि उरलेले सगळे दांभिक! अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठीच्या जीआरई या परीक्षेने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न बंद केले, तरी याद्यांची पारायणं थांबली नाहीत. परीक्षा संपली की हे शब्द लॉकरमधल्या दागिन्यांसारखे पडून राहतात आणि अमेरिकेतल्या कचेरीत ‘गुड’, ‘नाइस’, ‘ओके’वर दिवस निभावतो. तेव्हा मंडळी, याद्या आवरा आणि एखादी बरी इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत वाचा.